क्यूटॉफचा मास रोज दुपारी वर सरकतो, सकाळी परत जागेवर: आमच्याकडं काय निघालं

ज्यांच्याकडं टॉफ आहे (क्यूटॉफ, म्हणजे रेणूचं वजन, आमच्या भाषेत मास, बारीक मोजणारं मशीन, मास स्पेकचा एक प्रकार) आणि गाव उन्हाचं आहे त्यांच्यासाठी लिहितेय. आमचे यात जवळजवळ पाच आठवडे गेले आणि शेवटी जे निघालं ते इतकं साधं होतं की सांगायला लाज वाटते, पण सांगते.

सोलापुरात एमआयडीसीतली छोटी टेस्टिंग लॅब आहे आमची. डाळिंबाच्या सालीचे अर्क, हर्बल पावडरी, मधेमधे औषधवाल्यांची इंटरमिजिएट्स, असलं काम. फेब्रुवारी संपेपर्यंत मशीन शहाण्यासारखं वागलं. मार्चमध्ये ऊन तापलं तशी गंमत सुरू झाली. सकाळी साडेनऊला सोडियम फॉर्मेट टाकून कॅलिब्रेशन करायचं (ओळखीच्या वजनांशी मशीन जुळवून घ्यायचं), एरर एक-दीड पीपीएमच्या (पीपीएम म्हणजे दहा लाखात एक) आत, सगळं हिरवं. मग चेक सॅम्पल म्हणून रेसरपिन. त्याचा प्रोटॉन चिकटलेला मास ६०९.२८०७ यायला पाहिजे, सकाळी येतोच. दीडच्या सुमाराला तेच सॅम्पल, तीच बाटली, आणि आकडा ६०९.२८९०. चारला ६०९.२९१७, म्हणजे १८ पीपीएम वर. रात्री आठनंतर कोणी थांबलं तर परत खाली यायला लागतो आणि सकाळी काही झालंच नाही अशा थाटात जागेवर.

(रेसरपिन म्हणजे आपल्या सर्पगंधेतलंच, ब्लडप्रेशरवर वापरायचे ते. मास स्पेकवाले जगभर ते चेक सॅम्पल म्हणून वापरतात, आणि त्यातल्या किती जणांना सर्पगंधेचं झाड माहीत असेल देव जाणे.)

आता कोणी म्हणेल ०.०११ डाल्टनचा (डाल्टन म्हणजे अणू-रेणूंच्या वजनाचं माप) फरक, त्यात काय एवढं. तर त्यात काय ते बघा. एका रेणूतून एक कार्बन आणि एक ऑक्सिजन काढला आणि त्याजागी दोन नायट्रोजन घातले तर पूर्णांकात वजन तेवढंच राहतं, २८ ला २८. पण बारीक मोजलं तर कार्बन-ऑक्सिजनची जोडी २७.९९४९ आणि दोन नायट्रोजन २८.००६१, फरक ०.०११२. आणि आमचा दुपारी चारचा एरर ०.०११०! त्यामुळं सॉफ्टवेअर बिचारं प्रामाणिकपणे सांगत होतं की तुमच्या रेसरपिनमध्ये दोन नाही, चार नायट्रोजन आहेत. रेसरपिन ओळखीचं म्हणून आम्हाला कळलं तरी. अनोळखी सॅम्पल असतं तर रिपोर्टमध्ये दुसराच रेणू छापून गेला असता, सहीशिक्क्यासह.

पहिले दोन आठवडे आम्ही काय केलं, तर जे सगळे करतात तेच. एरर दिसला की परत कॅलिब्रेट. दुपारी तीनला कॅलिब्रेट केलं की तासभर बरं चालायचं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं तर एरर उलट्या बाजूला, वजा १५. मग सकाळी परत कॅलिब्रेट. हे म्हणजे घड्याळ पुढं पळतंय म्हणून रोज काटे मागं करत बसायचं, आत काय बिघडलंय ते बघायचंच नाही. खरं तर त्या वजा १५ मध्येच उत्तर होतं पण तेव्हा डोक्यात शिरलं नाही.

इथं जरा मागं जाऊन सांगते की मशीन मुळात मोजतं काय, कारण ते कळल्याशिवाय पुढचं सगळं अंधारात दगड मारणं आहे. आमच्याकडं नवीन आलेल्या पोरांना वाटतं आत कुठंतरी बारीक तराजू आहे. तराजू नाही. अणूचं वजन काट्यावर कोणी कधी केलेलं नाही. एक डाल्टन म्हणजे १.६६०५ गुणिले १० चा उणे २७ वा घात किलो, कुठला काटा एवढं दाखवणार. सगळ्या पद्धतींत एकच युक्ती आहे, रेणूला विजेचा भार द्यायचा, ढकलायचा, आणि तो कसा वळतो किंवा किती वेळात पोचतो ते बघायचं. हलका लवकर वळतो, लवकर पोचतो. जड तो जडच.

जे. जे. थॉमसनने केंब्रिजमध्ये १९१२-१३ च्या सुमाराला निऑनचे आयन (भार दिलेले अणू) चुंबक आणि वीज लावून वळवले तर फोटोच्या काचेवर एकाऐवजी दोन रेघा आल्या, एक २० ला, एक २२ ला. एकाच मूलद्रव्याचे दोन वजनांचे अणू, म्हणजे आयसोटोप. त्याचा मदतनीस ॲस्टन, त्याने १९१९ मध्ये याहून भारी यंत्र बनवलं आणि १९२२ चं रसायनशास्त्राचं नोबेल घेतलं. ॲस्टनची एक सवय मला फार आवडते आणि पुढं ती आपल्या उपयोगाची आहे: तो अनोळखी रेघेचं वजन नुसतं गणिताने काढत बसत नसे, शेजारी वजन माहीत असलेली रेघ ठेवायचा आणि तिच्याशी ताडून बघायचा. यंत्रावर आंधळा विश्वास नाही. तेव्हा मापाचा खुंटा ऑक्सिजन होता, त्यातही फिजिक्सवाल्यांचा ऑक्सिजन वेगळा आणि केमिस्ट्रीवाल्यांचा वेगळा, तो घोळ १९६१ मध्ये मिटला आणि कार्बन-१२ बरोबर १२ असं ठरलं. आजही डाल्टन म्हणजे कार्बन-१२ च्या अणूचा बारावा हिस्सा.

आपलं टॉफ यातलं वेळ मोजणारं. कल्पना १९४६ ची, स्टीफन्स नावाच्या माणसाची, आणि विली-मॅकलॅरेन यांनी १९५५ मध्ये ती नीट चालण्याजोगी केली. मार्केट यार्डात एकाच ताकदीच्या हमालाने एक रिकामी हातगाडी ढकलली आणि एक डाळिंबाच्या क्रेटने भरलेली, तर कुठली आधी गेटपाशी जाईल हे सांगायला शाळेत जायला नको. इथं हमाल म्हणजे हजारो व्होल्ट आणि रस्ता म्हणजे एक पोकळ नळी, जिच्यात हवा जवळजवळ नाहीच. हिशोबासाठी १० हजार व्होल्ट आणि दोन मीटर रस्ता धरा. रेसरपिनचा आयन सेकंदाला ५६ किलोमीटर वेगाने निघतो, म्हणजे सोलापुरातून निघाला तर तुळजापूर एका सेकंदाच्या आत. दोन मीटर त्याला लागतात साधारण साडेपस्तीस मायक्रोसेकंद. ही वेळ मोजायची, वर्ग करायचा, नळीच्या लांबीच्या वर्गाने भागायचं, व्होल्टेजने गुणायचं, की आला मास. म्हणजे स्क्रीनवर दिसणारा मास हा वेळ, लांबी आणि व्होल्टेज या तिघांच्या भरवशावर आहे. तिघांपैकी एकाने दगा दिला तर मास सरकणार, आणि रेणूचं यात काही म्हणजे काहीच चुकलेलं नसतं.

किती नाजूक बघा, मासमध्ये एक पीपीएम म्हणजे वेळेत अर्धा पीपीएम, म्हणजे या हिशोबात साधारण १८ पिकोसेकंद. सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागातले अठरा.

बरं, आता आम्ही कुठंकुठं हात मारला. क्रम लावून सांगत नाही कारण क्रम नव्हताच, घाबरून जे सुचेल ते करत होतो.

पहिला संशय कॅलिब्रेशनच्या द्रावणावर. जुनं झालं असेल म्हणून नवीन बनवलं. काही फरक नाही. जुनं द्रावण सकाळी बरोबर आणि दुपारी चूक असं कसं असेल, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही.

दुसरा संशय घाणीवर. बॅकग्राऊंडमध्ये ४४५.१२ चा पीक सतत दिसतो (पीक म्हणजे ग्राफवरचा उंचवटा हो, रानातलं नव्हे), तो सिलिकॉनवाल्या गोष्टींचा, ग्रीस, सेप्टा, अगदी बायकांच्या हँडक्रीमचासुद्धा. ३९१.२८ दिसला तर प्लॅस्टिक मऊ ठेवणारं थॅलेट, १४९.०२ त्याचाच तुकडा. एकामागून एक ४४.०२६ च्या अंतराने शिडी दिसली तर पीईजी, साबण-डिटर्जंटवाल्यांची कृपा. आमच्याकडं दोन दिवस सोर्स (रेणूला भार देणारा भाग) धुण्यात गेले, पाइप बदलले, बाटल्या बदलल्या. घाण कमी झाली, मास सरकायचा थांबला नाही. घाण नवे पीक आणते, असलेल्या पिकाला सरकवत नाही, अपवाद पुढं सांगते. पण या घाणीनेच आम्हाला शेवटी वाचवलं, तेही पुढं.

तिसरं, आमच्या सरांनी सुचवलं की तुम्ही थिअरीचा आकडाच चुकीचा घेतलाय का बघा. सूचना चांगली होती कारण ही चूक खरंच फार जण करतात. रेणूला प्रोटॉन चिकटतो तेव्हा १.००७२८ मिळवायचे, हायड्रोजन अणूचे १.००७८३ नव्हे, कारण इलेक्ट्रॉन सोबत आलेला नसतो. फरक ०.०००५५ फक्त. पण कॅफिनसारख्या छोट्या रेणूवर, ज्याचा मास १९५.०८७७, तो जवळजवळ तीन पीपीएम होतो. ल्युसिन एन्केफॅलिनचं (हेही तपासणीला वापरायचं ओळखीचं सॅम्पल) तर नमुनेदार आहे, जुन्या मेथडमध्ये ५५६.२७७१ असा आकडा सर्रास सापडतो आणि इलेक्ट्रॉनचा हिशोब धरला तर ५५६.२७६६ येतो. एक पीपीएमचं भांडण, पण दोन लॅबचे रिपोर्ट जुळत नाहीत तेव्हा आधी हे बघा. आमच्या केसमध्ये मात्र आकडा बरोबर होता, आणि चुकीचा असता तर सकाळीही चूकच आला असता ना.

चौथं, सॅम्पल फार घट्ट. डिटेक्टरवर एकाच वेळी फार आयन आदळले तर आधी आलेले मोजले जातात आणि लगेच मागून आलेले सुटतात, त्यामुळं पिकाचा मध्य खाली सरकतो, हलक्या बाजूला. आमचा वर सरकत होता. तरी दहापट पातळ करून बघितलं. एरर तसाच. चला.

इथपर्यंत तीन आठवडे गेले होते आणि सर्व्हिसवाल्यांना बोलवायची भाषा सुरू झाली होती. ते पुण्याहून येणार, येण्याचा खर्च वेगळा, आणि माझी खात्री होती की ते सकाळी दहाला येऊन कॅलिब्रेट करून दाखवणार, मॅडम मशीन एकदम ओके आहे, आणि दोनच्या आत परतीच्या रस्त्याला. दुखणं दुपारी तीनचं आणि डॉक्टर सकाळी दहाचा!

मग एका दुपारी, जेवण झाल्यावर, काही काम नव्हतं म्हणून मी वहीत नुसते आकडे मांडले. आधी आम्ही फक्त रेसरपिन बघत होतो. या वेळी एकाच रनमधले तीन मास घेतले, कॅफिन, ती ४४५ ची घाण आणि रेसरपिन. कॅफिन ०.००२९ ने वर, घाण ०.००६७ ने, रेसरपिन ०.००९१ ने. डाल्टनमध्ये तीन वेगळे आकडे, आणि पीपीएममध्ये काढले तर तिन्ही १५. तेव्हा ट्यूब पेटली.

माझं सांगणं जे आहे ते हेच आहे, बाकी सोडलं तरी चालेल. एरर किती आहे ते नंतर बघा, एररचा आकार कसा आहे ते आधी बघा. सगळ्या मासांना सारखेच पीपीएम लागत असतील तर लांबी किंवा व्होल्टेज, कारण ती दोन्ही सगळ्या आयनांना एकाच प्रमाणात नडतात. छोट्या मासांना जास्त पीपीएम आणि मोठ्यांना कमी, तर सुरुवातीच्या वेळेत काही गडबड, घड्याळ चालू होण्यात उशीर वगैरे, नाहीतर तो इलेक्ट्रॉनचा हिशोब. फक्त उंच पीकच खाली सरकतायत तर डिटेक्टर भरलाय, पातळ करा. आणि एकच पीक सरकलाय बाकी सगळे जागेवर, तर त्याच्या बुडाखाली दुसरा कोणीतरी लपलाय, मशीनला दोघं वेगळे दिसत नाहीत म्हणून दोघांच्या मधला आकडा देतंय. घाण सरकवते ती अशी, मघाशी अपवाद म्हटलं तो हा. हे सगळं बघायला कॅलिब्रेशन लागत नाही, वही-पेन लागतं, आणि त्यासाठी तीन-चार ओळखीचे मास एका रनमध्ये असले पाहिजेत, नसले तर बॅकग्राऊंडची घाण फुकटात मिळतेच.

तर आमच्याकडं लांबी किंवा व्होल्टेज. व्होल्टेजचा लॉग काढला, सपाट रेघ. शिवाय पॉवर सप्लाय बिघडला तर बहुतेक वेळा मास उडी मारतो, आमचा हळूहळू चढत होता आणि हळूहळू उतरत होता, भाकरीचा तवा तापावा आणि निवावा तसा. राहिली लांबी. नळी लोखंडी, म्हणजे स्टेनलेस स्टीलची. स्टील एका डिग्रीला साधारण १७ पीपीएम लांब होतं. दोन मीटरला ३४ मायक्रॉन, केसाच्या अर्ध्या जाडीएवढं. लांबीचा वर्ग येतो म्हणून मासमध्ये दुप्पट, एका डिग्रीला ३४ पीपीएम! नळी तापली, रस्ता वाढला, आयन उशिरा पोचला, आणि मशीनला वाढलेला रस्ता माहीत नाही म्हणून त्याला वाटलं आयनच जड आहे. दिशा पण जुळली, दुपारी वर. आणि दुपारच्या तापलेल्या नळीवर कॅलिब्रेट केलं तर सकाळी थंड नळीवर एरर वजा येणार, तेही जुळलं. पुरावा दोन आठवडे डोळ्यासमोर होता.

आमचा जास्तीत जास्त एरर १८ पीपीएम, म्हणजे नळी स्वतः अर्धा डिग्रीच्या आसपासच तापत असणार, कारण तिच्याभोवती इन्सुलेशन असतं आणि मशीन स्वतःचं तापमान धरून ठेवायची धडपड करतं. मग खोली किती तापत असेल?

इथं सगळे म्हणाले, शक्य नाही, एसी २२ वर आहे. रिमोटवर २२, भिंतीवरच्या डिस्प्लेवर २२. मी एक साधं डिजिटल थर्मामीटर आणलं, मासे पाळणारे वापरतात ते लांब वायरवालं, आणि मशीनच्या मागं, भिंत आणि नळीच्या मधल्या फटीत सोडलं. सकाळी २३. दुपारी दोनला २९. बाहेर त्या दिवशी ४१ होतं, आपल्याकडं एप्रिलमध्ये ते काही विशेष नाही.

एसीवाल्या मामांना बोलवलं. ते आले, स्टुलावर चढले, कान लावला आणि म्हणाले, "मॅडम, ब्लोअर चालू हाय ओ, पण कॉम्प्रेसर पडलालंय." म्हणजे काय तर दुपारी सगळ्या एरियाचे एसी, कूलर, कारखाने चालू, व्होल्टेज खाली, आमचा स्टॅबिलायझर आधीच नायट्रोजन जनरेटरच्या लोडने वाकलेला, तो एसीचा कॉम्प्रेसर कट करायचा, पाच-सात मिनिटांनी परत घ्यायचा, परत कट. पंखा मात्र फिरतच राहायचा, वारा लागायचा, आवाज यायचा, त्यामुळं खोलीत बसलेल्याला वाटायचं एसी चालू आहे. डिस्प्ले तर सेट केलेला आकडा दाखवतो, खोलीचा नाही, हे मामांनी सांगितल्यावर आम्ही सगळे एमएस्सी झालेले एकमेकांकडं बघत बसलो.

त्यात भर म्हणजे व्हॅक्यूमचा रफ पंप त्याच खोलीत, मशीनच्या बुडाशी, तो दिवसरात्र गरम हवा ओकतो. आणि खिडकी पश्चिमेची. तीननंतर ऊन सरळ मशीनच्या पाठीवर. खोली दोनला सगळ्यात गरम आणि मास चारला सगळ्यात वर, हा दोन तासांचा उशीर मला आधी खटकला होता, पण नळी जाड आहे, इन्सुलेशन आहे, उष्णता आत पोचायला वेळ लागतो, वर उन्हाची भर. जुळतंय.

उपाय काय केले ते सांगते, खर्चाच्या चढत्या क्रमाने नाही, जसे झाले तसे. त्याच दिवशी खिडकीला थर्माकोल लावला आणि त्यावर चादर टांगली, सोलापुरी, लाल-निळी, गेस्टला द्यायला आणलेल्यातली एक पडून होती. हसू नका, पहिल्याच दिवशी १८ चे १३ झाले. नंतर एसीसाठी वेगळी लाईन आणि वेगळा, नीट क्षमतेचा स्टॅबिलायझर, नायट्रोजन जनरेटर त्यावरून काढला. पंप मागच्या गॅलरीत हलवला, हे मात्र स्वतः करू नका, व्हॅक्यूमची नळी लांबवली तर पंपाची ताकद घटते, किती जाडीची आणि किती लांब चालेल हे मशीनवाल्यांना विचारूनच, आणि पंपाच्या धुराची नळी बाहेर काढलेली असावी, तेलाची वाफ गॅलरीत तुंबू देऊ नका. दुसरा छोटा एसी बसवायचं बजेट मंजूर व्हायला मे उजाडला.

आता एक कबुली. हे सगळं इतकं दिसलं कारण आमचा लॉक मास बंद होता. लॉक मास म्हणजे ॲस्टनचीच सवय, सॅम्पलच्या शेजारी सतत एक ओळखीचा रेणू फवारत राहायचं, तो जितका सरकेल तितकं बाकीच्यांना सॉफ्टवेअर मागं ओढतं. सगळ्यांचा एरर पीपीएममध्ये सारखाच असल्यामुळं एका ओळखीच्या पिकावरून सगळे सुधारता येतात, आमच्या दुखण्याला हे एकदम फिट औषध. पण तो रेणू फवारणारी बारीक नळी डिसेंबरात चोक झाली होती, कोणीतरी (मीच) मेथडमध्ये करेक्शन बंद केलं, नंतर बघू म्हणून, आणि थंडीत काही फरक पडला नाही म्हणून विसरले. ॲस्टनचं कौतुक वर मीच केलंय.

तरी माझं मत असं की लॉक मास चालू असेल तरी आठवड्यातून एकदा तो बंद करून कच्चा मास बघावा. औषधाने ताप उतरतो पण ताप का आलाय ते कळत नाही. आमच्या ओळखीच्या एका लॅबमध्ये करेक्शन चालू होतं, सगळं छान दिसत होतं, आणि खालचा ड्रिफ्ट, म्हणजे मासचं खरं सरकणं, वाढत वाढत इतका गेला की एके दिवशी लॉक मासचा पीक सॉफ्टवेअरच्या शोधायच्या खिडकीबाहेर पडला, मग सॉफ्टवेअरने शेजारचा कुठला तरी घाणीचा पीक लॉक मास समजून सगळ्यांना भलतीकडंच ओढलं. अख्ख्या दिवसाचा डेटा गेला.

डाळिंबवाल्यांसाठी जाता जाता एक वेगळं सांगते, कारण लक्षण थोडं असंच दिसतं आणि कारण भलतंच असतं. सालीतलं प्युनिकॅलॅजिन निगेटिव्ह मोडमध्ये (रेणूला उणे भार देऊन) १०८३.०५९३ ला शोधायला जाल आणि फारसं काही मिळणार नाही, किंवा थोडंसं मिळेल, आणि ५४१.०२६ ला मोठा पीक उभा असेल. मास सरकलेला नाही आणि रेणू तुटलेलाही नाही, त्याने दोन प्रोटॉन सोडलेत. मशीन मास नाही मोजत, मास भागिले भार मोजतं, भार दोन झाला की आकडा निम्मा. ओळखायचं कसं तर शेजारचे आयसोटोपचे छोटे पीक बघा, कार्बन-१३ मुळं येणारे. एकेका डाल्टनच्या अंतरावर असतील तर भार एक, अर्ध्या अर्ध्यावर असतील तर दोन. आमच्याकडं एका पोराने यावर अर्धा दिवस घालवला आणि नवीन रेणू सापडला म्हणून पेढे मागायच्या तयारीत होता. आणि पॉझिटिव्हमध्ये अपेक्षेपेक्षा २१.९८ वर पीक दिसला तर सोडियम चिकटलंय, ३७.९६ वर तर पोटॅशियम. वनस्पतीच्या अर्कात पोटॅशियम भरपूर असतं, घाबरायचं नाही.

लाईट जाण्याबद्दल पण विचारणारे असतील. यूपीएसवर मशीन राहिलं तरी एसी यूपीएसवर नसतो, हे लक्षात ठेवा. अर्धा तास लाईट गेली, मशीन चालू राहिलं, व्हॅक्यूम शाबूत, म्हणून लगेच कॅलिब्रेट करू नका. खोली तापलेली असते, एसी आला की ती उतरायला लागते आणि तुम्ही उतरत्या तापमानावर कॅलिब्रेशन करून बसता, दोन तासांनी परत चूक. आणि पूर्ण बंद पडून व्हॅक्यूम गेलाच असेल तर आम्ही सरळ रात्रभर पंप चालू ठेवतो आणि दुसऱ्या दिवशीच हात लावतो. मशीन तयार म्हणून हिरवा दिवा तासाभरात लागतो, त्याच्यावर जाऊ नका.

ऑरबिट्रॅपवाल्यांनी (हाही मास स्पेकचाच दुसरा प्रकार) हसू नये, तुमच्याकडं वेळेऐवजी आयन किती वेगाने झुलतो ते मोजतात एवढाच फरक, खोली तापली की इलेक्ट्रोड आणि व्होल्टेजसप्लाय तुमचेही तापतात.

आत्ता मे संपत आलाय. बाहेर ४३ झालेलं असताना थर्मामीटर मशीनमागं २३ ते २४.५ मध्ये राहतंय आणि लॉक मास बंद करून बघितलेला दिवसभरातला एरर तीन-साडेतीन पीपीएम, चालू करून एकच्या आत. शून्य झालेला नाही, पश्चिमेची भिंतच तापते त्याला मी काय करणार. सकाळचं कॅलिब्रेशन आता साडेनऊला न करता अकराला करतो, खोली दिवसाच्या चालीवर आल्यावर. चेक सॅम्पल दिवसातून तीनदा, अकरा, दोन, साडेचार, आणि प्रत्येक वेळी रेसरपिनसोबत कॅफिन आणि ती ४४५ ची घाण, तिन्हीचे पीपीएम वहीत, आणि शेजारच्या रकान्यात थर्मामीटरचा आकडा. एसीच्या डिस्प्लेचा नाही.